घाणेरड्या तोंडांचा शास्त्रीय अभ्यास

१३ जानेवारी १९८६, सोमवार

माणसाच्या तोंडात एवढी घाण असताना त्यातून भाषा कशी काय बाहेर पडते? या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. फिजिक्सला फर्स्ट क्लास मिळूनही येत नाही. इथे कबूल करते, कारण हे दुसरं कुणी वाचणार नाही.

बेळगावच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत लागून आठवडा झाला. मगदूम सरांनी एक मशीन बनवलंय. पुढे मायक्रोफोन, मागे कॉम्प्युटर आणि वर एका फळीवर एक ते दहा आकड्यांचे दिवे. माणसानं मराठीत आकडा म्हणायचा, मशीननं ओळखायचा, त्या आकड्याचा दिवा लागायचा. सरांनी म्हटलं की लागतो. दुसऱ्या कुणी म्हटलं की भलताच लागतो, नाहीतर लागतच नाही. आज आमचे अटेंडंट भरमूमामा 'चार' म्हणाले तर आठ लागला. मामा म्हणाले, "लई उदार हाय की मशीन."

एप्रिलमध्ये दिल्लीहून समिती येणार. तोवर मशीन कुणाचाही आवाज ओळखायला लागलं, तर प्रोजेक्ट तीन वर्षं वाढेल आणि माझी जागा राहील. नाहीतर आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, माझ्या नावानं टेलिफोन ऑपरेटरचा अर्ज भरून ठेवलाच आहे. दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांचे नंबर जोडत बसायचं! आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट त्यासाठी झालेली नाही.

माझा विचार स्पष्ट आहे. सर इंजिनिअर, माझ्या जोडीची असिस्टंट चंदना इंजिनिअर. दोघांना वायरी कळतात, तोंड कळत नाही. आवाज वायरीत तयार होत नाही, तोंडात होतो. जीभ कुठे टेकते, ओठ कधी मिटतात, हवा नाकातून जाते का, हे शास्त्र मशीनला शिकवलं की मशीन सुधारलंच. लायब्ररीत त्यावरचं एकच पुस्तक आहे. ते मी आणलंय. प्रस्तावना वाचून झाली.

संकल्प: माणसांची किळस करायची नाही. मशीन शेवटी माणसांसाठीच आहे.

१७ जानेवारी, शुक्रवार

खडेबाजारातून दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला आरसा आणला आणि सगळ्यांची तोंडं तपासली. संकल्प मोडला.

भरमूमामांच्या गालात तंबाखूची गोळी कायमची बसवलेली आहे. काढा म्हटलं तर म्हणाले, "ती काढली तर गाल आत पडंल की गं बाई." ऑफिसातल्या क्लार्कनं तोंड उघडलं आणि मला त्याच्या घरचा कालचा स्वयंपाक कळला. चंदनाच्या तोंडात बडीशेप होती. ती म्हणाली, "विशाखा, शास्त्रज्ञ व्हायला आलीस की दात उपटायला?" मोठ्या कामाला आधी सगळे हसतातच.

तोंड फक्त सरांचं स्वच्छ. ते जैन, चिकोडीकडच्या व्यापारी घरातले, सूर्य मावळल्यावर काही खात नाहीत. मशीनला त्यांचाच आवाज कळतो याचं कारण हेच असू शकेल. तपासायला हवं.

२२ जानेवारी, बुधवार

पुस्तकात एक सुंदर प्रयोग आहे. कोळशाची पूड तेलात कालवून जिभेला लावायची, एक अक्षर म्हणायचं आणि आरशानं टाळू बघायची. जीभ जिथे टेकली तिथे काळा ठसा उमटतो. स्वस्त आणि स्वच्छ.

स्वतःवर केला. 'त' म्हटलं. ठसा मिळाला. ओकारीही झाली, पण ठशानंतर, त्यामुळे प्रयोग यशस्वी धरला.

मी शहापूरला कोंडाआत्तीकडे राहते. आत्ती मागासाठी कांड्या भरता भरता सगळं बघत होती. म्हणाली, "बी.एस्सी. होऊन कोळसाच खायचा व्हता, तर निपाणीत चूल नव्हती व्हय गं?"

प्रयोगशाळेत भरमूमामांनी जीभ द्यायला नकार दिला. म्हणे सोमवारचा उपास असतो. आज बुधवार.

२६ जानेवारी, रविवार, निपाणी

सकाळी झेंडावंदन, नंतर प्रयोग. आजच्या दिवशी देशासाठी यापेक्षा जास्त काय करणार?

आई तंबाखूच्या वखारीत कामाला जाते. तिच्याबरोबरच्या बायका बोलावल्या होत्या. मालुबाई, राजाबाई, आणखी चौघीजणी आमच्या दारात ओळीनं बसल्या. सगळ्यांच्या लुगड्यांना तंबाखूचा भपकारा. एक शिंकली की सगळ्या शिंकतात. मी नाकाला रुमाल बांधून काम केलं. आई म्हणाली, "आमच्यातच वाढलीस आणि आमचाच वास यायलाय व्हय तुला?" मी म्हटलं, ही शास्त्रीय पद्धत आहे.

जिभेला कोळसा लावला, 'त' म्हणायला लावलं, टाळू बघितली. पूर्ण काळी. 'ट' म्हणायला लावलं. पूर्ण काळी. 'प' म्हणताना तर जीभ टाळूला लागतच नाही, तरी पूर्ण काळी! सगळ्या बायकांची तीच गत.

मोठा शोध लागलाय. या भागातली माणसं प्रत्येक अक्षराला अख्खी टाळू वापरतात. पुस्तकात असं कुठेही नाही. मशीन गोंधळतं ते यामुळेच.

मालुबाई उठताना म्हणाली, "पूड कशाला घालवलीस गं पोरी? आम्ही सकाळीच मिश्री लावून आलतो." पण मिश्रीची काळी पूड दातांना लावतात. टाळूला नाही. निष्कर्ष तसाच ठेवलाय.

२८ जानेवारी, मंगळवार

सरांना शोध सांगितला. मग त्यांनी विचारलं, त्या बायका मिश्री लावतात का. मी म्हटलं, माझ्यासमोर कुणी लावली नाही.

सर म्हणाले, तोंडं राहू देत. आवाज आणा. वेगवेगळ्या माणसांचे, भरपूर.

ठीक आहे. लोकांच्या तोंडात डोकावणं माझ्या शिक्षणाला तसंही शोभत नव्हतं. आरसा आत्तीला देऊन टाकला. ती दुपारपासून स्वतःची अक्कलदाढ बघत बसलीय आणि येणाऱ्या-जाणाऱ्यालाही दाखवतेय.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आठवडाभर कॉलेजातल्या माणसांना कागद देऊन आकडे वाचायला लावले. मायक्रोफोन दिसला की प्रत्येकजण बातम्या द्यायला लागतो. क्लार्क 'एक' म्हणायच्या आधी घसा असा खाकरतो की टेपरेकॉर्डरची सुई पार टोकाला जाते. बोलताना थुंकी उडते. मी दर माणसानंतर मायक्रोफोन डेटॉलनं पुसते. चंदना म्हणाली, "त्याला एकदा आंघोळच घाल."

पण या किळसवाण्या आठवड्यातून मला माझा सगळ्यात मोठा विचार सुचला. कागद हातात दिला की माणूस खोटं बोलतो. खोटे आवाज शिकून मशीन खोटंच ओळखणार. खरा आकडा कोणता? माणूस खरोखर काहीतरी मोजत असताना त्याच्या तोंडून निघतो तो. म्हणजे काय म्हणायचं हे त्याला सांगायचंच नाही. मोजायला द्यायचं आणि टेप चालू करायची!

सर पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "कल्पना चांगली आहे."

कागदावरून वाचलेल्या सगळ्या टेप आजच पुसून टाकल्या. शास्त्रात अर्धवटपणा नको.

१ मार्च, शनिवार, निपाणी

शाळूची सुगी. धान्याच्या बाजारात पाय ठेवायला जागा नाही. आप्पा तिथे मापाडी आहेत, पोत्यातलं धान्य मापानं भरून मोजून देतात. खरं मोजणं याहून कुठे मिळणार?

आप्पांनी धुतलेली टोपी घातली होती. बाजारातले सगळे मापाडी, हमाल, सुपं घेऊन बसणाऱ्या बायका, सगळ्यांना त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. मायक्रोफोन शाळूच्या ढिगापाशी ठेवला, लांब वायर सोडली आणि मी टेपरेकॉर्डर घेऊन पोत्यांच्या पलीकडे बसले. धूळ, भुसा आणि थुंकणं. ढिगापाशी बसणं अशक्य. तिकडचं सगळं आप्पांनी सांभाळलं. एकेकाला धरून आणत होते, काहीतरी समजावत होते. मला काही ऐकू येत नव्हतं, फक्त सुई हलताना दिसत होती.

पहिल्या मापाला सगळेजण आवाज चढवून, लांबवून म्हणत असावेत. सुई झकास उडते. पुढचे आकडेही एकदा म्हणून भागत नाहीत, पुढचं माप भरेपर्यंत तोच आकडा म्हणत राहतात, म्हणजे विसर पडत नाही. एकेका आकड्याचे ढिगानं नमुने मिळाले. मी फार हुशार आहे.

२ मार्च, रविवार

आप्पांनी टेलिफोनवाल्यांचं मुलाखतीचं पत्र दाखवलं. मी म्हटलं, फाडून टाका. आप्पा म्हणाले, "नुसतं जाऊन तर ये की. तुझं मशीन चाललं की न्हाय म्हणून सांगू. आपल्याला न्हाय म्हणायची सवय न्हाय, तेवढंच शिकायला मिळंल."

जाईन. त्यांच्या समाधानासाठी.

११ मार्च, मंगळवार

टेप ऐकून प्रत्येक आकडा वेगळा काढायचा, त्यावर खूण करायची आणि मशीनला द्यायचा. हे काम माझं.

हेडफोन लावला. मापाला सुरुवात व्हायच्या आधीच कुणीतरी घसा खाकरून थुंकलं. तो आवाज कानातून आत जात नाही, सरळ डोक्याच्या मध्यभागी थुंकल्यासारखं होतं. हेडफोन काढून ठेवला. दुपारी जेवण गेलं नाही.

नंतर उपाय सापडला. ऐकायची गरजच नाही! सुई बघायची. आवाजाचा पहिला झुपका म्हणजे एक, दुसरा म्हणजे दोन, तिसरा तीन. खोकला किंवा मधली बडबड आली की सुई वेडीवाकडी नाचते, तेवढं सोडायचं. शास्त्र डोळ्यांनीही करता येतं.

चंदनानं दारातून बघितलं आणि म्हणाली, "अगं, ऐकायचं मशीन करायलीस आणि स्वतः ऐकत न्हाईस?" मी म्हटलं, कानाला आवडनिवड असते, सुईला नसते. हे वाक्य चांगलं आहे. समितीपुढे वापरायचं.

२५ मार्च, मंगळवार

दहापैकी दहा!

बाजारातल्याच टेप वायरीनं थेट मशीनला जोडल्या, बाहेर आवाज नाही. एक, दोन, तीन, चार, ओळीनं दिवे लागत गेले. एकही चूक नाही. भरमूमामांनी आपणहून चहा आणला.

चंदनाला कौतुक करता येत नाही. म्हणाली, ज्या टेपवरून शिकवलं त्याच टेप परत ऐकवल्यावर कुणीही पास होईल, जिवंत माणूस आण. मी म्हटलं, जिवंत माणसं थुंकतात. मायक्रोफोन पुसून, धुतलेल्या फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलाय. किल्ली माझ्याकडे. समिती येईपर्यंत त्यात कुणी बोलायचं नाही. सर एका पार्टसाठी बंगळूरला गेलेत आणि चंदनाचे दिव्यांचे खटके अजून चिकटतायत, त्यामुळे वाद घालायला कुणाला वेळ नाही.

३ एप्रिल, गुरुवार

आत्ती म्हणते, मशीनला दृष्ट लागेल, लिंबू-मिरची बांध. अंधश्रद्धेचा मला जेवढा तिटकारा आहे तेवढा थुंकीचाही नाही. आमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या आहेत. असल्या गोष्टी आमच्यात चालत नाहीत, म्हणून तिला चांगलं सुनावलं. आत्ती म्हणाली, "मग मशीन चाललं न्हाय तर कुणाला बोल लावणार?"

७ एप्रिल, सोमवार

टेलिफोनची मुलाखत देऊन आले. पडद्याआडून कुणीतरी नंबर म्हणायचं, आपण ऐकून परत म्हणायचा. हिंदीत, कानडीत, मराठीत. सगळे बरोबर आले. पोरखेळ. परीक्षा घेणारी बाई म्हणाली, कान चांगला आहे. मी मनात म्हटलं, उद्या या बाईच्या नोकरीवर माझं मशीन येणार आहे, तिला कल्पनाही नाही.

८ एप्रिल, मंगळवार

समिती आली. तिघेजण. दिल्लीचे अध्यक्ष, एक गप्प बसणारे आणि एक पुण्याचे.

पुण्याचे गृहस्थ मायक्रोफोनपुढे बसले आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "एक."

काही नाही.

पुन्हा, "एक." काही नाही. मी म्हटलं, सर, जरा नैसर्गिक बोला. ते म्हणाले, मी जन्मापासून असंच बोलतो. मग जोरात, मग हळू, मग लांबवून. दिवा लागेना. मगदूम सरांनी स्वतः म्हटलं. ज्या मशीनला फक्त सरांचा आवाज कळायचा, त्याला सरांचाही कळेना. मी म्हटलं, चंदनाचा खटका चिकटलाय. चंदनानं खटका हातानं दाबून दाखवला. दिवा लागला.

अध्यक्ष म्हणाले, पुढचा आकडा घ्या. "दोन." लागला! "तीन." लागला! दहापर्यंत सगळे लागले. गप्प बसणारे, चंदना, भरमूमामा, सगळ्यांनी म्हणून बघितलं. दोन ते दहा, बिनचूक. अध्यक्षांनी टाळी वाजवली. मग पुन्हा "एक." अंधार.

पुण्याचे म्हणाले, "बालवाडीतल्या मुलाला निदान एक तरी येतो. याला एक सोडून सगळं येतंय."

मी म्हटलं, आमचे नमुने उत्तम आहेत, हवं तर ऐका. आणि मीच चंदनाला टेप मोठ्यानं लावायला सांगितली.

आधी कुणीतरी घसा खाकरून थुंकलं. अध्यक्षांनी पाय मागे घेतले. मग हॉलभर आप्पांचा आवाज घुमला: "लाभ, लाभ, लाऽभ... दोन, दोन, दोऽन..." त्यानंतर दुसरा माणूस: "लाभ, लाभ..." मग एक बाई: "लाभ..."

बाजारात पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. लाभ म्हणतात. शुभ असतं. हे मला लहानपणापासून माहीत आहे. निपाणीतल्या कुत्र्यामांजरांनाही माहीत असेल.

मगदूम सर मायक्रोफोनकडे वाकले आणि आपल्या आजोबांच्या दुकानात म्हटलं असेल तसं हळूच म्हणाले, "लाभ."

एकचा दिवा लख्ख लागला.

भरमूमामांनी एकट्यानं टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी विचारलं, हे काय म्हणाले? सर म्हणाले, "प्रॉफिट, सर." अध्यक्षांनी मशीनकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "व्हेअर?"

९ एप्रिल, बुधवार

शांतपणे विचार केला. मशीनची चूक नाही. मशीननं जे ऐकलं तेच ते शिकलं. माझ्या पद्धतीचीही चूक नाही. खरं मोजणं टेप केलं आणि खरं मोजणं असंच असतं. चूक समाजाची आहे. माणसं चंद्रावर जाऊन आली आणि आमचे लोक पहिल्या मापाला एक म्हणायला घाबरतात. अशा लोकांसाठी मशीन बनवायचंच कशाला?

जेवले नाही. आत्तीनं ताट झाकून ठेवलं.

१२ एप्रिल, शनिवार

समितीचा निर्णय आला. प्रोजेक्ट वाढला. असिस्टंट एकच. चंदना.

सरांनी मला समोर बसवून सांगितलं. कल्पना माझी होती, आकडे खऱ्या मोजण्यातून घ्यायचे, आणि तिच्यामुळेच नऊ आकडे कुणाच्याही आवाजात ओळखले गेले, हे त्यांनी समितीला सांगितलं होतं म्हणे. मग म्हणाले, "पण एकदा, फक्त एकदा, टेप ऐकायची होती." मी त्यांना समाजाबद्दल सांगायला सुरुवात केली. त्यांनी पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला.

चंदना बाहेर उभी होती. ती काहीतरी टोचून बोलेल अशी माझी तयारी होती. बडीशेपेची पुडी पुढे करून म्हणाली, "घे गं." घेतली नाही. आता वाटतं, घ्यायला हवी होती. चांगल्यातली होती.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. निपाणीला गेले नाही. मिरवणुकीत आप्पा येईल त्याला थांबवून सांगणार, ही माझी पोरगी, मशीनला ऐकायला शिकवती. डोकं दुखतंय असा निरोप पाठवला.

संकल्प: आप्पांशी स्पष्ट बोलायचं. दरवर्षी जयंतीला पुढे असतात, प्रतिज्ञा तोंडपाठ आहेत आणि बाजारात जाऊन लाभ म्हणतात! पुराव्यासकट बोलायचं. त्यासाठी कोण कोण लाभ म्हणालं ते नीट बघून ठेवायचं. टेप चंदनाच्या ताब्यात द्यायच्या आधी ऐकाव्या लागतील. रुमाल तयार ठेवलाय.

१७ एप्रिल, गुरुवार

ऐकल्या.

थुंकणं, खोकणं, शाळू ओतल्याचा आवाज. मग जोतिबा हमालाचा आवाज, मायक्रोफोनच्या अगदी जवळ: "एक..." आणि लगेच आप्पा: "ए जोतिबा! एक काय म्हंतोस?" जोतिबा म्हणाला, "मशीनसाठी हाय न्हवं? शाळेतल्यावानी म्हटलं." आप्पा म्हणाले, "पोरीचं पयलं काम हाय. रिकामं कर माप. परत भर. लाभ म्हण."

पुढचा शामू. "एक..." आप्पा: "लाभ म्हण रं."

मग राजाबाई. तिनं विचारलं, "सिद्रामअण्णा, तुमच्यात असलं मानत्यात व्हय? तुम्हीच आम्हाला शिकवत असतासा की." शाळू ओतल्याचा आवाज. मग आप्पा म्हणाले, "मी न्हाय मानत. पर तिचं चांगलं व्हत असंल तर एक दिवस मानलं म्हणून काय झालं? म्हण तू."

पुढच्या टेपवर तेच. त्याच्या पुढच्याही. जो 'एक' म्हणाला त्याला आप्पांनी माप रिकामं करायला लावलं. शेवटच्या टेपमध्ये बसलेल्या आवाजात, खोकत खोकत, पण न कंटाळता: "लाभ म्हण. हां. असं."

शेवटपर्यंत ऐकलं. खोकल्यासकट. रुमाल नाकाला लागला नाही.

टेप चंदनाला देताना तिला एवढंच सांगितलं, की या पुसू नकोस.

२६ एप्रिल, शनिवार

आप्पा बेळगावला आले. टेलिफोनचं नेमणुकीचं पत्र घेऊन. आत्तीच्या दारात बसून आधी पाणी प्यायले, मग इकडचं तिकडचं बोलले, मग विचारलं, "चाललं का गं मशीन?"

पुराव्यासकट बोलायचं ठरलं होतं.

मी म्हटलं, चाललं. पहिला आकडा मोठ्या सरांनी स्वतः म्हटला, तर दिवा लगेच लागला. सगळ्या हॉलनं बघितलं.

आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "लागला? पयल्या झटक्यात?" मी म्हटलं, पहिल्या झटक्यात. तोच सगळ्यात चांगला लागला.

मग त्यांनी पत्र खिशातून काढून माझ्यापुढे धरलं आणि म्हणाले, "मग आता हे फाडू? तूच म्हणालीवतीस."

मी म्हटलं, राहू दे. बघून ठेवते.

आत्ती कांड्या भरत होती. तिनं वर बघितलं नाही. चाक मात्र थांबलं.

१० मे, शनिवार

बरेच दिवस लिहायला जमलं नाही. कामात होते.

हेडफोन आधीच्या पाळीतल्या बाईच्या कानावरून उतरलेला, तेलकट, गरम असतो. डेटॉल नेलंय. बाकीच्या हसतात. लोक फोनवर खोकतात, चघळतात, जांभया देतात, एकानं तर नंबर सांगता सांगता आंबा खाल्ला. सगळं डोक्याच्या मध्यभागी होतं. आमच्या सुपरवायझर बाई म्हणतात, नंबर ऐकला की परत म्हणायचा आणि मगच जोडायचा. पहिल्या दिवसापासून एकही चुकला नाही.

हा निर्णय पूर्ण शास्त्रीय आहे. एवढे आवाज, एवढी तोंडं, एकाच जागी बसून आणि तोंडात न डोकावता, कुठल्या प्रयोगशाळेत मिळणार? चंदना परवा ट्रंककॉल लावायला आली होती. मशीन कुठपर्यंत आलं असं तिला विचारलं. म्हणाली, एकचे नमुने ती परत गोळा करतेय, पण बेळगावच्या बाजारातसुद्धा कुणी एक म्हणायला तयार नाही. मी तिला दोन-तीन सूचना केल्या. तिनं या वेळी ऐकून घेतल्या.

ऑपरेटरच्या जागेवर बसणारं मशीन दोन वर्षांत येईल, फार तर तीन. तोपर्यंत लोकांचं कुणीतरी ऐकायला पाहिजे, म्हणून मी गेल्या सोमवारी सही करून रुजू झाले.